चुलीमागची भिंत आणि हिरव्या फळ्या

गेल्या मे महिन्यात पळसदरीच्या आमच्या घरात रंगावरून भांडण झालं. चुली वेगळ्या होण्यापर्यंत मजल गेली नाही, पण दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही आणि आजी आम्हां दोघांशीही बोलली नाही.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. तो, वहिनी आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी गावच्या घरात आजीसोबत राहतात. पावसाळ्यात धरणावर आणि धबधब्यांवर येणारी गर्दी बघून त्याने पुढच्या दोन खोल्या शनिवार-रविवार भाड्याने द्यायचं ठरवलं. त्यासाठी घर ‘उजळ’ करायचं होतं. आमच्या ओटीच्या आणि माजघराच्या मध्ये विटांची भिंत नाही, सागाच्या उभ्या फळ्यांची आहे. शहरात ज्याला वुडन पॅनेलिंग म्हणतात तेच, फक्त कुणी हौसेने केलेलं नाही. या फळ्यांवर हिरवा ऑईल पेंट आहे, जागोजागी पोपडे सुटलेला. आणि मागे स्वयंपाकघरात, आता न पेटणाऱ्या चुलीच्या मागे, जमिनीपासून माळ्यापर्यंत काळीकुट्ट भिंत आहे.

दादाचं म्हणणं होतं, सगळं पांढरं करून टाकू. माझं म्हणणं होतं, फळ्यांवरचा रंग खरवडून खालचं मूळ सागवान बाहेर काढू, पॉलिश मारू, आणि चुलीमागची काजळी तशीच ठेवू. ‘ऑथेंटिक’ दिसेल. त्या आठवड्यात मी परदेशातल्या घरांचे किमान शंभर रील पाहिले होते. अर्ध्यांमध्ये लोक गडद लाकडी भिंती आणि विटांच्या फायरप्लेस पांढऱ्या रंगवत होते, उरलेल्या अर्ध्यांमध्ये आधीच्या मालकाने दिलेला तोच पांढरा रंग काढत होते. तिकडे फायरप्लेस आणि आपल्याकडे चूल, एवढाच काय तो फरक, असं मला वाटलं.

आजीला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मी इतिहासात एम.ए. केलंय, त्यामुळे वाद जिंकण्यासाठी पुरावे गोळा करायला बसले. ते गोळा करता करता मी वाद हरले, हे आधीच सांगून टाकते.

मूळ म्हणजे कधीचं?

कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या लोकलचं पहिलं स्टेशन म्हणजे पळसदरी. आज ते एका फाट्यावरचं छोटं स्टेशन वाटतं, पण हा फाटा मुंबई-पुणे लोहमार्गापेक्षा जुना आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांची जी.आय.पी., १८५६ साली पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोहोचली. पुढे बोरघाट आडवा उभा होता. खंडाळा ते पुणे हा वरचा तुकडा १८५८ मध्ये सुरू झाला, आणि मधली पाच वर्षं प्रवासी खोपोलीला उतरून पालखीने, घोड्यावरून किंवा पायी घाट चढायचे आणि वर जाऊन पुन्हा गाडीत बसायचे. घाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. पळसदरीच्या पायथ्यापासून सुरू होणारी ही सुमारे पंचवीस किलोमीटरची चढण, त्यात पंचवीस बोगदे. १८६१ मध्ये काम जोरात असताना तिथे बेचाळीस हजार मजूर राबत होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यानंतर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची बायको ॲलिस हिने त्याचा ठेका पुढे चालवला.

हे सगळं सांगायचं कारण आमच्या फळ्या. घरात पहिल्यापासून सांगितलं जातं की त्या रेल्वेच्या डब्याच्या आहेत. पणजोबांनी १९६० च्या सुमारास लिलावातून आणल्या. कोकणातल्या सगळ्याच घरांत सागवान असायचं, असं आपल्याला पर्यटनाच्या जाहिराती बघून वाटतं. पण या भागात साध्या कुटुंबाचं घर म्हणजे कारवीचा कूड आणि त्यावर शेणमातीचा गिलावा. साग आजूबाजूच्या जंगलात होता, पण तो तोडायचा हक्क सगळ्यांना कधीच नव्हता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणात लाकडाबद्दल स्पष्ट सूचना आहेत: साग वगैरे लाकूड हुजूरची परवानगी घेऊन तोडावं, आणखी लागेल ते परमुलखातून विकत आणावं, आणि रयतेने मुलांसारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडं मालकाच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत. पुढे इंग्रजांच्या १८७८ च्या वनकायद्याने जंगलं राखीव करायला सुरुवात केली, आणि ठाकर-कातकऱ्यांना आपल्याच डोंगरातून लाकूड आणणं गुन्हा ठरू लागलं.

रेल्वेला मात्र साग मिळत होता. तेव्हाचे प्रवासी डबे लाकडी असायचे आणि त्यांत साग मुबलक वापरला जाई. १९५५ मध्ये चेन्नईजवळच्या पेरांबूरला पोलादी डब्यांचा कारखाना सुरू झाला आणि लाकडी डबे हळूहळू मोडीत निघाले. आमच्या फळ्यांना जिथे काहीच कारण नाही अशा ठिकाणी स्क्रूची भोकं आहेत, ती बुजवलेलीही दिसतात. घरातली गोष्ट खरी मानायला मला तेवढं पुरलं.

आणि इथेच माझ्या ‘मूळ सागवाना’चा पहिला टवका उडाला. सुटलेला एक पोपडा मी उचलला आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याने त्याची कड मोठी करून पाहिली. वर हिरवा थर. त्याखाली चॉकलेटी. त्याखाली तपकिरी, काचेसारखा चकाकणारा पातळ थर, म्हणजे जुनं रोगण. मग लाकूड. वारसा जपणारे तज्ज्ञ जुन्या इमारतींच्या रंगाचा असाच बारीक नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजतात. मी तेच गावठी पद्धतीने केलं होतं.

आजी पहिल्यांदा बोलली ती तेव्हा. “चॉकलेटी मी बघितलाय. मी लग्न होऊन आले तेव्हा चॉकलेटीच होता. घरातल्या एका लग्नाला आजोबांनी हिरवा दिला, चौऱ्याहत्तर साली. दुकानात दोनच रंग होते, हिरवा नि चॉकलेटी. मग परत चॉकलेटी कशाला द्यायचा?”

म्हणजे या फळ्या आमच्या घरात कधीच उघड्या नव्हत्या. मी जे ‘मूळ’ शोधत होते ते या भिंतीने कधी पाहिलेलंच नव्हतं.

डब्यातला रंग

लाकडाला काहीतरी लावायचं ही गोष्ट जुनीच आहे. सागाच्या अंगात स्वतःचं तेल असतं, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला फारशी जात नाही. पण कर्जत भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चार महिने दमट हवेत राहिलेल्या लाकडावर बुरशी धरते. म्हणून उकळलेलं जवसाचं तेल, ज्याला रंगारी बेलतेल म्हणतात, किंवा करंजेल चोळायचं. ऐपत असेल तर चंद्रुसाचं किंवा लाखेचं रोगण. दाराच्या चौकटीला आणि भिंतीच्या खालच्या पट्ट्याला काव. हे सगळं दर एक-दोन वर्षांनी पुन्हा करायचं. तेलपाणी थांबलं की लाकूड राखाडी पडतं.

डब्यातला तयार ऑईल पेंट ही या मानाने अलीकडची चैन. त्याचा इतिहास मुंबईतच घडला. १९२० मध्ये लोअर परळला गहागन पेंट्स अँड व्हार्निश नावाची कंपनी निघाली, तीच पुढे नेरोलॅक झाली. १९४२ मध्ये, महायुद्धाच्या काळात, चार मित्रांनी गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये रंग बनवायला सुरुवात केली, ती एशियन पेंट्स. या कंपनीने छोट्या डब्यांतून रंग विकून खेड्यांतली गिऱ्हाइकं मिळवली. कपाळावर बटा आलेला, हातात ब्रश आणि डबा घेतलेला तिचा गट्टू १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढला. तुमच्या आजोळच्या दुकानाच्या पाटीवर तो तुम्ही पाहिला असेल.

ऑईल पेंट म्हणजे दर वर्षीच्या तेलपाण्यातून सुटका. एकदा मारला की दहा-पंधरा वर्षं बघायला नको, ओल्या फडक्याने पुसता येतो, आणि लग्नघरात चकाकतो. मी ज्या हिरव्या रंगाला ‘विद्रूप’ म्हणत होते तो १९७४ मध्ये या घराने केलेला मोठा खर्च होता. आजोबा रेल्वेच्या रुळांवर काम करणाऱ्या टोळीत होते. तीन दिवस रजा काढून त्यांनी स्वतः तो दिला होता.

खरवडायचं का?

तरी मी हटले नव्हते. म्हटलं, इतिहास आहे हे मान्य, पण खाली साग आहे ना? सँडर भाड्याने आणू, एका दिवसात काम होईल.

दादाने रंगाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, घासू की, त्यात काय. वहिनीने तोवर वेगळीच गोष्ट वाचली होती, आणि तिच्यामुळे मी ती नीट वाचली.

जुन्या ऑईल पेंटमध्ये शिसं असायचं. सफेदा म्हणजे शिशाचा पांढरा क्षार. तो रंगाला दाटपणा द्यायचा. शिशाची संयुगं रंग लवकर वाळावा म्हणूनही घालत. पिवळ्यासाठी लेड क्रोमेट वापरत, आणि हिरव्याची एक अतिशय प्रचलित छटा याच पिवळ्यात प्रशियन निळा मिसळून बनायची. शेंदूरही शिशाचाच ऑक्साईड. लोखंडी पुलांना गंज लागू नये म्हणून जो नारिंगी-लाल हात पहिल्यांदा देत, तो हाच. देवाच्या मूर्तीवर आणि पुलांवर एकच पदार्थ.

शिसं विषारी आहे हे जगाला उशिरा कळलं असं नाही. जिनिव्हात १९२१ मध्येच कामगार संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कराराने घरांच्या आतल्या रंगकामात सफेद्यावर बंदी घालायचं ठरवलं होतं. अमेरिकेने घरगुती शिसेयुक्त रंगावर १९७८ मध्ये बंदी आणली. भारतात त्यासाठीचे नियम २०१६ मध्ये झाले, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत नव्वद भागांहून जास्त शिसं असू नये असा दंडक आला. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, आणि शरीरात किती गेलं तर चालतं अशी सुरक्षित पातळी नाही.

भिंतीवर घट्ट बसलेला जुना रंग फारसं काही करत नाही. धोका असतो तो पोपडे सुटल्यावर, आणि सगळ्यात जास्त तो कोरडा घासल्यावर. त्याची बारीक धूळ जमिनीवर बसते, रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते आणि हातातून तोंडात जाते. म्हणून जगभर एकच नियम पाळतात: जुना ऑईल पेंट असेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चालायचं. कोरडा घासायचा नाही, जाळून सोलायचा नाही.

माझ्या ‘ऑथेंटिक’ भिंतीची किंमत माझ्या पुतणीने भरायची होती. तिला मी मावेल तिथे ‘बाहुली’ म्हणते, आणि ती सध्या जे हाताला लागेल ते तोंडात घालते. सँडरचा विषय त्या संध्याकाळी संपला.

काढणारे आणि लावणारे

खरवडण्याचा मोह फक्त मलाच झालेला नाही, एवढा दिलासा मात्र मिळाला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ग्रीसहून आणलेली पार्थेनॉनची शिल्पं आहेत. १९३७-३८ मध्ये ती नव्या दालनात मांडायची होती, आणि देणगीदाराला ती पांढरीशुभ्र हवी होती. कामगारांनी तांब्याच्या हत्यारांनी आणि घासायच्या दगडांनी त्यांचा मधाळ रंग खरवडून काढला. गंमत अशी की ती शिल्पं मुळात पांढरी नव्हतीच. ग्रीकांनी ती रंगवलेली होती. ‘मूळ’ रूप काढायच्या नादात लोकांनी स्वतःच्या कल्पनेतलं रूप काढलं. त्याच लंडनमध्ये साठ वर्षं आधी, १८७७ मध्ये, विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने जुन्या इमारती वाचवायला एक संस्था काढली होती. तिचं टोपणनाव होतं ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडविरोधी. जुन्या चर्चच्या भिंती खरवडून त्यांना ‘मूळ’ मध्ययुगीन रूप देण्याची तेव्हा फॅशन होती, तिच्याविरुद्ध.

मग काय, लावणारेच शहाणे? तसंही नाही. त्याचं उदाहरण आपल्याकडे अजिंठ्याला आहे. १८१९ मध्ये इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली. त्यानंतर चित्रांच्या नकला करणारे आले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत हे काम करत होते. फिकट चित्रं ठळक दिसावीत म्हणून नकला करणारे त्यांवर व्हार्निश लावत. मग १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेन्झो चेकोनी आणि त्यांचे सहकारी अशा दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी निखळणारे तुकडे पक्के केले, ते काम मोलाचंच होतं. पण चित्रांच्या रक्षणासाठी त्यांनी लाखेचा हात दिला. काही वर्षांत लाख पिवळी पडली, मग तपकिरी झाली. तिच्यावर धूळ आणि काजळी चिकटली. बुद्धाच्या आयुष्यातल्या रात्री आणि दिवस सारखेच तपकिरी दिसू लागले. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना हा थर पुढे अनेक वर्षं इंच-इंच काढावा लागला.

दोघांचाही हेतू चांगला होता. इटालियनांना चित्रं वाचवायची होती, इंग्रजांना शिल्पं उजळायची होती. दोघांच्याही कामातून मला एवढंच दिसलं की जे परत फिरवता येणार नाही ते घाईने करायचं नसतं. रंग लावणं बहुतेक वेळा परत फिरवता येतं. खरवडणं कधीच नाही.

फळ्यांचा निकाल इथे लागत होता. राहिली चूल.

काजळी कुणाची?

चुलीबद्दल माझी बाजू भक्कम आहे अशी माझी खात्री होती. चूल म्हणजे घर. आपण ‘घरोघरी मातीच्या चुली’ म्हणतो, भावाभावांच्या ‘चुली वेगळ्या झाल्या’ म्हणतो, सगळ्या घराला जेवायला बोलावलं की ‘चूलबंद आमंत्रण’ म्हणतो. भारताची जनगणनासुद्धा कुटुंब मोजताना कोणाचं स्वयंपाकघर एक आहे ते विचारते. मग चुलीमागची काळी भिंत हा आमच्या घराचा सगळ्यात जुना दस्तऐवज झाला ना?

शिवाय धुराचा उपयोगही होता. वर माळ्यावर बियाण्याची कणसं टांगलेली असत, धुराने त्यांना कीड लागत नसे. वासे, रिपा याच धुराने टिकत. हे सगळं मी आजीला समजावून सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुझं झालं? आता माझं ऐक.”

आजी १९६६ मध्ये या घरात आली. पहाटे साडेचारला उठायची. आदल्या दिवशीची राख काढायची, चूल आणि तिच्यापुढची जमीन शेणाने सारवायची, मग विस्तव. दुपारी पुन्हा पोतेरं. पावसाळ्यात ओली लाकडं, फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल. दोन वेळचा स्वयंपाक, वर आंघोळीचं पाणी. लाकडं कधी विकत, कधी डोंगरातून मोळीने. घरात गॅस आला १९९८ मध्ये.

“ती काजळी नाही,” आजी म्हणाली. “ते माझे बत्तीस वर्षांचे डोळे हायत. तुला ती शोभेला ठेवायचीय?”

मला उत्तर आलं नाही. नंतर आकडे पाहिले. घरातल्या चुलीच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे बत्तीस लाख माणसं दगावली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. स्वयंपाकाचा गॅस मुंबईत १९५५ मध्येच ‘बर्शेन’ या नावाने विकायला आला होता. मुंबईपासून पळसदरी शंभर किलोमीटरही नाही, पण तो गॅस आमच्या घरी पोहोचायला त्रेचाळीस वर्षं लागली. मधल्या काळात १९८० च्या दशकात सरकारने निर्धूर चुलींची मोहीम काढली. उज्ज्वला योजना आली ती थेट २०१६ मध्ये. वाफेची इंजिनं, जी आमच्या दारासमोरून धूर ओकत घाट चढायची, ती मुंबई-पुणे मार्गाचं विद्युतीकरण झालं तेव्हा, म्हणजे १९३० च्या सुमारास घाटातून हटली. इंजिनाचा धूर गेल्यावर घरातला धूर जायला सत्तर वर्षं.

आणि अजून एक गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. मी विचारत होते की चुलीला रंग द्यायचा की नाही. आजी तो रोज देत होती. सारवण म्हणजे दुसरं काय? शेणमातीचा पातळ हात, दिवसातून दोनदा, बत्तीस वर्षं. या घरातल्या कुठल्याही भिंतीवर जेवढे थर नाहीत तेवढे त्या चुलीवर आहेत. तिने चूल कधी काळी राहू दिली नव्हती. भिंत काळी राहिली कारण तिच्यापर्यंत हात पोहोचत नव्हता आणि वेळ पुरत नव्हता. मी जपायला निघाले होते ते तिच्या दृष्टीने एक राहून गेलेलं काम होतं.

शेवटी काय केलं

काम मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात झालं. वहिनी मुलीला घेऊन आठ दिवस माहेरी गेली.

फळ्यांचे सुटलेले पोपडे आम्ही पाण्याने भिजवून, मास्क लावून, हाताने काढले. खाली प्लास्टिक अंथरलं, निघालेलं सगळं पिशवीत बांधलं, जमीन दोनदा ओल्या फडक्याने पुसली. घट्ट बसलेल्या रंगाला हात लावला नाही. त्यावर प्रायमर, आणि प्रायमरवर नवा, शिसं नसलेला रंग. पांढरा नाही. सागावर पांढरा देणं तसंही अवघड असतं, लाकडातलं तेल आणि टॅनिन वर येऊन पिवळे डाग पडतात. दादाने बाकीच्या भिंती पांढऱ्या केल्या, फळ्या हिरव्याच ठेवल्या. हिरवी छटा आजीने निवडली. दुकानातल्या कार्डावर हिरव्याच्या चाळीस छटा होत्या. तिने पाच मिनिटं बघून म्हटलं, “आजोबांना दोनातून निवडायला लागला होता, ते बरं होतं.”

चुलीमागची भिंत आम्ही खराट्याने झाडली, धुण्याच्या सोड्याने धुतली, मातीचा नवा गिलावा दिला आणि वाळल्यावर कळीच्या चुन्याचे तीन हात, शेवटच्यात थोडी नीळ. चुलीवर एक लाकडी फळी आहे, ती धुराने इतकी माखली होती की कुठलाही रंग दिला तरी पिवळा डाग वर आला असता. रंगाऱ्याने त्यावर उपाय सांगितला: लाखेचा हात द्या, लाख डाग अडवते. तीच लाख, जिने अजिंठा काळवंडला. चित्रावर ती चुकीची होती, धुरकट फळीवर बरोबर. आणि लाखेचा किडा ज्या झाडांवर वाढतो त्यांतलं एक मुख्य झाड म्हणजे पळस. आमच्या गावाच्या नावातच तो आहे. मला याचं फार अप्रूप वाटलं. रंगाऱ्याला वाटलं नाही.

कामाच्या आदल्या दिवशी मी आजीला शेवटचं विचारून पाहिलं होतं की काजळीचा एक हातभर तुकडा कोपऱ्यात ठेवूया का, आठवण म्हणून. तिने सांगितलं, “आठवण मला हाय. तुला पाहिजे तर फोटो काढ.” मी काढला. चूल मात्र तिने मोडू दिली नाही. भिंत पांढरी झाल्यावर तिने शेण कालवलं, खाली बसली आणि चूल स्वतः सारवली. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्याही गावच्या घरात अशी एखादी भिंत असेल, आणि ती पांढरी करायची की उघडी करायची यावर कुणीतरी भांडत असेल. माझ्यापुरतं मी एवढं शिकले: आधी एक पोपडा उचलून थर मोजा, जुना रंग कोरडा घासू नका, आणि त्या भिंतीपाशी ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाला सगळ्यात आधी विचारा. आम्ही सगळ्यात शेवटी विचारलं.

माजघराच्या बाजूने, दाराआड लपणाऱ्या शेवटच्या फळीचा तळहाताएवढा भाग आम्ही रंगवला नाही. तिथे १९७४ चा हिरवा तसाच आहे, घट्ट बसलेला. दाराच्या चौकटीवर मी पेन्सिलीने तारीख, रंगाचं नाव आणि छटेचा क्रमांक लिहून ठेवलाय. पन्नास वर्षांनी या घरात पुन्हा भांडण होईलच. तेव्हाच्यांना पुरावे शोधायला माझ्याएवढा त्रास पडू नये.